जेवू घातलेलं बोलून दाखवलं

झुंबरबाईला लाज लई. बाईमानसाला लाज असावी, मी न्हाई म्हनत न्हाई, पन हिला नको तिथं लाज. कुनी हिचा पाय तुडवला तर हीच म्हननार, "माझाच पाय मधी आला, भाऊ." भाजीवालीनं वजनात मारलं तरी ही खालमानेनं घरी येनार आन् मला सांगनार, "आसंल गं तिलाबी काय अडचन." माझं तर डोकं फिरतं. मी बिबिजान, रहमतुल्ला पिंजाऱ्याची बायको. झुंबरबाईच्या भिंतीला आमची भिंत. आमच्या घरात दिवसभर कापूस पिंजायचा आवाज, तिच्या घरात भाकऱ्या थापायचा. जुन्नरात आमच्या गल्लीला ह्या दोन आवाजांची इतकी सवय झालीया की एखाद्या दिशी बंद पडले तर लोक दारात येऊन विचारत्यात, कुनी मेलं का काय म्हनून.

तिचा नवरा येडगावचा. गाडी हाकायचा, व्यापाऱ्यांचा माल वाहायचा. एका उन्हाळ्यात तापानं गेला. तवा कुशी, तिची एकुलती एक पोर, रांगत व्हती. सासरच्यांनी गोडीगोडीनं वाटंला लावली. ही जुन्नरात आली, एक खोली घेतली आन् हायस्कुलातल्या पोरांना जेवान घालायला लागली. हायस्कुलात लांबलांबची पोरं यायची. बेल्ह्याची, ओतूरची, पार आंबेगावाकडची. कुनाच्या तरी वळखीच्या पडवीत झोपायची आन् दोन्ही टायमाला झुंबरबाईकडं जेवायची. महिन्याचे आठ रुपये. ज्याला जमायचं तो आठ रुपये द्यायचा. ज्याला न्हाई जमायचं त्याचा बाप बाजारच्या दिवशी बाजरी, लसूण, एखादी कोंबडी आनून टाकायचा.

आन् जो कायबी देत न्हवता तो? तोबी जेवायचा.

पोरं पंगतीला बसली की ही भिंतीकडं तोंड करून उभी. जेवनाऱ्याच्या ताटात बघायचं न्हाई, घास मोजल्यावानी व्हतं, असं तिचं म्हननं. ओतूरचं एक पोर असं खायचं की मी माझ्या दारातनं बघून थक्क व्हायची. एकदा म्या म्हनलं, "आगं, ह्याच्या पोटात बारव बांधलीया का काय?" तर माझ्यावर डोळे वटारले तिनं. दोन दिवस बोलली न्हाई माझ्याशी. त्या पोराला मात्र मासवडीचा मोठा तुकडा.

थकलेले पैसे ती मागत न्हवती. मागतच न्हवती. म्या लई येळा भांडले. ती म्हनायची, "बिबिजान, कापड विकलं असतं तर दारात जाऊन मागितलं असतं. धान्य विकलं असतं तरी मागितलं असतं. पन मी जेवू घातलंय. जेवू घातलेलं बोलून दाखवायचं म्हंजे मानसानं मान वर कशी करायची?" आता ह्याच्यावर मी तरी काय बोलनार? आमच्यातबी तसंच हाय. दस्तरखानावर बसलेल्याला 'तू माझं खाल्लंस' म्हननाऱ्या मानसाच्या दारात कुनी उभं ऱ्हात न्हाई. पन आमी काय खानावळ चालवत न्हाई! मी तिला तेच सांगायची, बाई गं, हा धंदा हाय तुझा. ती म्हनायची, "धंदा पोरांच्या बापांशी. पोरांशी न्हाई."

रखमाजी म्हनून एक पोर व्हतं, घोडेगावाकडचं. अंगानं काडी, डोक्यानं तल्लख. मॅट्रिकला दोन वरसं ऱ्हायली आन् त्याचा बाप वारला. घरनं यायचं सगळं बंद झालं. ताटापुढं बसून रडायला लागला, "मावशी, उद्यापास्नं मी येत न्हाई." ही म्हनाली, "यायचं न यायचं तुझी मर्जी. भाकरी थापलेली आसंल." दोन वरसं जेवला. जाताना पाया पडला आन् म्हनाला, "मावशी, कमवायला लागलो की पै न पै फेडीन." म्या ह्या कानांनी ऐकलंय. पुढं तो पुन्याला शिकला, वकील झाला, घोडेगावात त्यानं घर बांधलं. वकिली जोरात चालती असं बाजारात येनारे लोक सांगायचे. ते ऐकून झुंबरबाईचा चेहरा असा फुलायचा, जसा काय तिचाच पोरगा. पै न पै मात्र आली न्हाई. तो इसरला, आन् हिनं आठवन केली न्हाई.

आता कुशीचं सांगते. ती पोर तव्यापाशी शिकली. पोरं जेवायच्या आधी धडे घोकायची आन् हिचे भाकऱ्या भाजता भाजता पाठ. छप्पन साली मॅट्रिकला बसली आन् पयल्या वर्गात पास झाली. हायस्कुलातले मास्तर सोता घरी आले. म्हनाले, "बाई, हिला पुण्याला सायन्सला घाला. डॉक्टर होईल ही पोरगी." झुंबरबाई हसत व्हती आन् डोळे पुसत व्हती. मंग मास्तरांनी खर्च सांगितला. पयल्या सहामाहीची फी, अनामत, पोरींच्या बोर्डिंगचे, पुस्तकांचे. तिचं हसू जागच्या जागी थिजलं. मास्तर बिचारे खाली बघून म्हनाले, "दरसाल वाढतंय, बाई. मी शिकलो तेव्हा याच्या निम्म्यात भागत होतं. आणखी पाच वर्षांनी काय होईल देव जाणे."

तिनं कानातली फुलं मोडली. निम्मं जुळलं. दीडशे रुपये कमी पडत व्हते आन् येत्या सोमवारी पैसे भरायचे व्हते, न्हाईतर कुशीची जागा दुसऱ्याला जानार.

सावकार म्हनाला, भांडी ठेवा गहाण. भांडी ठेवली तर पोरं काय हातावर जेवनार? पुन्यात कुठलासा एक फंड व्हता, शिकनाऱ्या पोरांना कर्ज द्यायचा, नोकरी लागल्यावर फेडायचं. पन त्याला दोन जामीन पायजेत, तेबी जमीनवाले. बाजारच्या दिवशी हिनं लाज गिळून पोरांच्या बापांना इचारलं. एकजन म्हनाला, "पोरगा असता तर ऱ्हायलो असतो, बाई. पोरगी उद्या लगीन करून जाईल, मंग कर्ज मी फेडू का?" दुसरा म्हनाला, घरात इचारून सांगतो. तो अजून इचारतोयच.

मंग म्या म्हनलं, "रखमाजीकडं चल."

तिच्या हातनं तव्यावरची भाकरी करपली. म्या म्हनलं, "तुझे थकलेले तो देईल. भीक न्हाई ती. दोन वरसांचे धर, दीडशेच्या वर व्हत्यात." ती म्हनाली, "मला जमायचं न्हाई गं." तवा कुशी आतनं बाहेर आली. आईच्या पायाशी बसली आन् म्हनाली, "आई, एकदा माग. माझ्यासाठी. पुन्हा मी कवाच काय मागायची न्हाई तुझ्याकडं."

शुक्रवारी आमी दोघी निघालो. नारायणगावला यस्टी बदलली, मंचरला बदलली. वाटंत ती शब्द जुळवत व्हती. "रखमाजी, बाळा, तू म्हनाला व्हतास..." एवढंच म्हनायची आन् पुढं तिला शब्द सापडायचा न्हाई. म्या म्हनलं, पुढचं मी बोलू का? म्हनाली, "तू तोंड उघडायचं न्हाई. तुला कुशीची शपथ." शपथ घालती! माझ्या तोंडाची भीती आख्ख्या जुन्नराला हाय, ते मला ठावं हाय.

वकीलसाहेबांनी आमाला फाटकातच बघितलं. धावत आला हो तो. भर ओसरीवर, पक्षकार बसलेत, त्यांच्यासमोर झुंबरबाईच्या पायावर डोकं ठेवलं. बायकोला हाक मारली, पोरांना बोलावलं. "ही माझी आई. जन्म दुसरीनं दिला, पण जगवलं हिनं. हिच्या हातचं खाऊन मी वकील झालो." झुंबरबाई लाजेनं चूर. तो म्हनाला, "आई, तुमचं ऋण या जन्मी फिटायचं नाही!"

म्या मनात म्हनलं, फिटतंय की रे बाबा. दीडशेत फिटतंय.

जेवल्याबिगर सोडीना. पुरन घातलं, तूप वाढलं. तिला आत ताट, मला ओसरीवर. ते चालायचंच, आन् तिथनं मला आतलं सगळं ऐकू येत व्हतं. तो सोता वाढत व्हता, आग्रह करत व्हता. इचारलं, "कुशी काय करते?"

"पास झाली मॅट्रिकला. पयल्या वर्गात."

"वा! आता चांगलंसं स्थळ बघा. आणि काही लागलं तर हक्कानं सांगा. मुलगा आहे मी तुमचा."

घास हातात धरून मी कान टवकारले. आता बोल, म्हनलं. देवानं दार उघडून दिलंय तुला, आता तरी बोल, माझे बाई! आतनं वाटी सरकवल्याचा आवाज आला. मंग ती म्हनाली, "काय न्हाई, बाबा. तुमचं बरं चाललंय ते बघायला आले व्हते."

या अल्ला! म्या हातातला घास ताटात टाकला.

निघताना त्यानं तिला लुगडं दिलं, पुन्हा पाया पडला. ती पायरी उतरायला लागली. शपथ गेली चुलीत. मी वळले.

"वकीलसाहेब, हक्कानं सांगा म्हनलात न्हवं? मंग मी सांगते. हिच्या पोरीला कॉलेजात जायचंय. सोमवारपतुर पैसे भरायचेत. तुमी दोन वरसं हिच्याकडं जेवलात. पै न पै फेडीन म्हनला व्हता. लुगडं नको, ते पैसे द्या."

ओसरीवरचे पक्षकार बघायला लागले. वकिलाची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी, तिचं तोंड एवढंसं झालं. वकील लालेलाल. मला वाटलं, आता आत जाईल आन् आनून देईल. तवढ्यात झुंबरबाईनं माझा दंड धरला. असा चिमटला की चार दिवस निळं पडलं व्हतं. आन् त्याला म्हनाली, "हिचं काय मनावर घेऊ नका. तुमी कवाच दिलेत पैसे. मला चांगलं आठवतंय. दिलेत तुमी."

त्यानं एकदा पक्षकारांकडं बघितलं. मंग हळूच म्हनाला, "हो, मलाही वाटतच होतं. दिले असावेत."

ऐकलंत का? दिले असावेत! त्याला लाज वाटली का? मला तरी तोंडावर दिसली न्हाई. समदी लाज आमच्या ह्या बाईनं एकटीनंच घेतली व्हती वाटून.

मंचरपतुर म्या तिला शिव्या घातल्या. ती लुगडं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत व्हती. मंचरच्या पुढं मला शिव्या सुचंनात, मंग मीच रडले.

कुशी दारात वाट बघत उभी. ट्रंक भरून ठेवलेली. झुंबरबाई म्हनाली, "घरी न्हवते गं ते. गावाला गेल्यात." पोरीनं आईच्या हाताकडं बघितलं.

"घरी न्हवते, तर लुगडं कुनी दिलं?"

झुंबरबाईनं लुगडं पदराआड घेतलं. मंग म्या सांगितलं समदं. मी न्हाई खोटं बोलनार कुनासाठी. पायावर डोकं ठेवलं ते सांगितलं, पुरन घातलं ते सांगितलं, 'दिले असावेत' तेबी सांगितलं. पोर रडली न्हाई. आईला एवढंच म्हनाली, "त्यांची आई झालीस. मंग माझी कोन?"

शनिवारी सकाळच्या पयल्या यस्टीनं ती एकटी घोडेगावला गेली. आईला न सांगता. सतरा वरसांची पोर, कवा एकटी नारायणगावच्या पुढं गेली न्हवती. दिवसभर झुंबरबाई आत-बाहेर करत व्हती. भाकऱ्या म्याच थापल्या त्या दिशी, आन् पोरं बिचारी तसल्या वाकड्यातिकड्या भाकऱ्या मुकाट जेवली.

दिवेलागणीच्या आत कुशी आली. आल्या आल्या आईच्या पदरात नोटा टाकल्या. आन् उभ्या उभ्या सांगितलं, काय झालं ते. वकील म्हनाला व्हता, "तुझी आईच म्हणाली ना, दिलेत म्हणून?" ही पक्षकारांसमोर म्हनाली, "आई खोटं बोलली. लाजेनं बोलली. तुमाला ते ठाऊक व्हतं." तवा वकील उठला, आतनं पैसे आनले, मोजून तिच्याम्होरं ठेवले. मंग सरकारी तिकीट लावून पावती करून घेतली. 'झुंबरबाईच्या खानावळीत जेवल्याबद्दलची सर्व रक्कम पोचली, आता काही येणे नाही.' खाली कुशीची सही. आन् तिला पानीबी इचारलं न्हाई कुनी.

ज्याचं ऋन या जन्मी फिटनार न्हवतं, त्यानं ते एका तिकिटावर फेडून टाकलं!

झुंबरबाई पैशाचं काय बोलली न्हाई. पावतीवरच अडली. "लिहून दिलंस? जेवनाचं? माझं नाव घालून?" तिनं पोरीवर हात उगारला. हात वरच ऱ्हायला. मंग खाली घेतला आन् भिंतीकडं तोंड करून उभी ऱ्हायली. मला वाटलं, आता म्हनंल, जा, परत देऊन ये. तसं काय ती म्हनाली न्हाई.

सोमवार धरायचा म्हनून कुशी रविवारीच पुन्याला निघाली. आई गाडीवर आली न्हाई. मीच गेले. आमच्या ह्यांनी बोर्डिंगसाठी तिला नवी गादी भरून दिली, फुकट. आन् मी काय झुंबरबाई न्हाई, मी ते जन्मभर बोलून दाखवनार हाय. पोरगी गाडीत बसली आन् खिडकीतनं माझा हात धरला. म्हनाली, "चाची, आई बोलंल का गं माझ्याशी?" म्या म्हनलं, "न बोलून सांगती कुनाला?" पुढच्या फीचं तिनंच बघितलं. नादारी मिळवली, म्हंजे फी माफ, आन् लहान पोरींच्या शिकवन्या धरल्या. आता तीन वरसं झाली.

पन घोडेगावचं बोलनं घोडेगावात ऱ्हातंय व्हय? कुशी गेल्यावर दुसऱ्या बाजारालाच ते जुन्नरात पोचलं. बेल्ह्याचा हौशीराम, त्याचा पोरगा वरसभर झुंबरबाईकडं जेवत व्हता. तो दुपारी पोरं जेवत असतानाच आला. उंबऱ्यात उभा ऱ्हायला, कंबरेचा पैशाचा कसा सोडला आन् रुपये उंबऱ्यावर खळखळ वतले.

"घ्या, बाई. मोजून घ्या. उद्या माझा पोरगा साहेब झाला आन् तुमची लेक चार लोकांत त्याचा घास काढायला आली, तर आमची काय अब्रू ऱ्हाईल?"

मी माझ्या दारातनं उठलेच. "अब्रूवाल्या! चार महिने थकवले व्हतेस तवा कुठं ठेवली व्हतीस ती?" म्हनलं, "ह्या बाईनं तुझं पोर पोसलं, तुला पैसे वताया उंबराच सापडला व्हय रं?" लई बोलले मी. तो बडबडत गेला निघून. त्याचा पोरगा भरल्या ताटावरनं उठून गेला, हात न धुता. बाकीची पोरं मान खाली घालून बसली, कुनी घास उचलंना.

झुंबरबाई खाली बसली आन् उंबऱ्यावरचे, बाहेर पायरीवर गेलेले रुपये एकेक करून उचलायला लागली. मी म्हनलं, "ऱ्हाऊ दे, मी उचलते." तिनं माझा हात बाजूला सारला.

पोरं गेल्यावर मी तिच्यापाशी जाऊन बसले. म्हनलं, "त्या मेल्याचं काय मनाला लावून घेतीस? तू कुठं काय मागितलंस? तू तर उलट खोटं बोलून त्या वकिलाची लाज राखलीस. केलं ते पोरीनं केलं. तुझ्या अंगाला काय चिकटत न्हाई."

ती चुलीपाशी बसली व्हती. निखाऱ्याकडं बघत म्हनाली, "पोरीवर नको ढकलू, बिबिजान. तुला म्हनून सांगते, कुनाला बोलू नको. तिनं पैसे पदरात टाकले ना, तवा मला आधी बरं वाटलं. लई बरं वाटलं गं. वाटलं, गेली माझी पोर पुन्याला, सुटली ह्या चुलीतनं. लाज मागनं आली. आधी यायला पायजे व्हती."